चार लोकांचा ऑनलाइन कौल

घरातले मोठे निर्णय चार लोक घेतात, हे सर्वमान्य आहे. मात्र हे चार लोक कोण, राहतात कुठे आणि त्यांचं नेमकं म्हणणं काय, याची पाहणी स्वातंत्र्यानंतर एकाही सरकारनं केली नाही. ही उणीव २००३ साली मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्र्यंबकरावांनी भरून काढली.

त्र्यंबकराव दिवसा सरकारी बाबू आणि संध्याकाळी प्रोग्रामर. इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेत त्यांनी स्वतःचं संकेतस्थळ थाटलं होतं. त्यात गरगर फिरणारी समई होती आणि ‘वैनगंगा पार’ नावाचा खेळ होता. या खेळातली नाव कधीच बुडत नसे, कारण बुडण्याचा प्रोग्राम लिहायचा राहून गेला होता. (जिल्ह्यातला असा अपघातमुक्त जलमार्ग दुसरा नाही.) संकेतस्थळाला तोवर नऊशे बारा भेटी झाल्या होत्या. पैकी नऊशे पाच त्यांच्या स्वतःच्या, बाकीच्या चुकून.

त्या जुलैत त्यांची मुलगी प्राची हिचं नाव नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रतीक्षायादीत लागलं. शुक्रवारी पाचच्या आत कॉलेज घरी फोन करणार, होकार दिला तर जागा तिची, नाही तर पुढच्या नावाची. पोरीनं आनंदानं बॅगसुद्धा धुवून वाळत घातली.

दुसरा बाप असता तर ‘जा’ म्हणाला असता किंवा ‘गप बस’ म्हणाला असता. पण त्र्यंबकराव पडले लोकशाहीवादी. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या नुसते अंदाज बांधले गेले, आता शास्त्रशुद्ध माहिती घेऊ, असं म्हणून त्यांनी संकेतस्थळावर सर्वेक्षण टाकलं: ‘प्राचीने नागपूरला शिकायला जावे काय?’ पर्याय तीन. जावे. जाऊ नये. बाकीचे काय म्हणतात ते पाहून ठरवावे. मत देणाऱ्यानं आपलं नातं निवडणं सक्तीचं होतं. काका, आत्या, मामा, शेजारी, शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणे, सगळ्यांची सोय केलेली होती.

“अन् या यादीत प्राची कुठं हाय?” अलकनंदाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“प्राची विषय आहे,” त्र्यंबकराव समजावून म्हणाले. “विषयाले मत नसते.”

एकच अडचण आली. नातेवाइकांपैकी कोणाकडेच कॉम्प्युटर नव्हता. तेव्हा त्र्यंबकरावांनी शासकीय कामकाजातला जुना आणि खात्रीचा मार्ग धरला: लोकांची मतं आपणच भरायची. आधी फोन करून मत विचारायचं, मग त्याच लाइनवर इंटरनेट जोडून बटण दाबायचं.

लांजीच्या अनुसया आत्यानं तिकडून विचारलं, “बाकीच्यायनं काय दाबलं?”

“ते सांगता येत नाही आत्या, गुप्त मतदान आहे.”

“मंग मले काहून विचारून राह्यला? ते दाबतील तेच माह्यं दाब.”

किरनापूरचे काका, शेजारचे टिकाराम आणि त्यांचे पाहुणे यांनीही स्वतंत्रपणे विचार करून हेच सांगितलं.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीनपासून प्राची फोनजवळ बसून. त्र्यंबकराव संकेतस्थळावर निकालाचा आलेख रंगवत होते, तिसऱ्या पर्यायाचा खांब पडद्यात मावेना. लाइन इंटरनेटला जोडलेली.

“पापा, लाइन छोड़िए ना,” प्राची रडकुंडीला आली. “कॉलेज का फोन आएगा!”

“पाच मिनटं, बेटा. तुझाच निकाल लोड होऊन राह्यला.”

निकाल सव्वापाचला लोड झाला. एकमतानं तिसरा पर्याय. चार लोकांचं म्हणणं असं निघालं, की चार लोक काय म्हणतात ते पाहावं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजकडून कळलं की फोन चारदा लावला, चारही वेळा लाइन बिझी, जागा पुढच्या मुलीला दिली. प्राचीनं बॅग माळ्यावर टाकली आणि बापाशी बोलणं सोडलं. त्र्यंबकरावांना मनापासून वाईट वाटलं. हातून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्यांनी लगेच केलं: ‘प्राचीची जागा कोणामुळे गेली?’ हे नवं सर्वेक्षण टाकलं. पर्याय तीनच. मत देणाऱ्यांच्या यादीत मुलगी याही वेळी नव्हती.

इथवर वाचून तुम्हाला त्या पोरीची कीव आली असेल, बापाचा संतापही आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सुशिक्षित आहात. फक्त नागपूरला जाऊन तिला शिकायचं काय होतं, हा प्रश्न एवढ्या वेळात तुमच्याही मनात आला नाही. हरकत नाही. तुमचं मत त्र्यंबकरावांनी तिसऱ्या पर्यायात भरून टाकलं आहे.