तगरीखालचा नागोबा

निवृत्त झाल्यावर बद्रीनाथ औताडे यांनी स्वतःच्या डोक्यानं एकच निर्णय घेतला. रोज सकाळी बागेत खुर्ची टाकून बसायचं. (बाकीचे निर्णय त्यांच्या पत्नी द्वारकाबाई घेत, आणि ते बरे निघत.)

बाग म्हणजे सिडकोतल्या त्यांच्या घरापुढची हातभर मातीची पट्टी. एक तगर, दोन जास्वंदी, एक मोगरा आणि कुंडीत दौलताबादहून आणलेला गुलाब. एवढ्याशा भांडवलावर बद्रीनाथरावांनी एका स्थानिक पेपरात 'माझी फुलं, माझा निवांतपणा' असं दर रविवारचं सदर चालवलं होतं. "पहाटे उठून मी झाडांना पाणी घालतो. एखादं पान हलतं. मी ऐकत राहतो," असं ते त्यात लिहीत. प्रत्यक्षात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी द्वारकाबाई बादलीत साठवायच्या आणि साहेब घोरत असताना झाडांना घालून मोकळ्या व्हायच्या. मग साहेब उठत, खुर्चीत बसत आणि निवांतपणा उपभोगायला लागत. तो असा:

"अगं, चष्मा!"

"अगं, चहा!"

"अगं, ऐक ना, 'कोवळं ऊन' बरं वाटतं का 'सोनेरी ऊन'?"

"नुसतं ऊन लिवा," आतून उत्तर यायचं. "मला भाकरी टाकायचीय."

तरीही दिवस बरे चालले होते. पण आषाढी एकादशी उजाडली आणि समोरच्या सरूबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला: महादेवाला लाख फुलं वाहायची. रोजची फुलं घरच्या पिंडीवर आणि शेवटी वेरूळला जाऊन उद्यापन. नेम सरूबाईंचा, देव महादेव आणि फुलं औताड्यांची, अशी वाटणी झाली. नेम धरताना तगर कुणाच्या दारात आहे हे बघून धरला असावा, अशी बद्रीनाथरावांना दाट शंका होती.

सरूबाई भल्या सकाळी परडी घेऊन येत. त्यांना मोजल्याशिवाय तोडता येत नसे, आणि मोठ्यानं म्हटल्याशिवाय मोजता येत नसे.

"दोनशे अकरा, दोनशे बारा, दोनशे तेरा..."

बद्रीनाथराव वहीत 'सर्वत्र नीरव शांतता' हे शब्द लिहून पुढचं वाक्य शोधत.

"दोनशे चौदा..."

"सरूबाई, जरा मनात मोजता येईल का?" एकदा त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

सरूबाईंचा हात हवेतच थांबला. "घ्या! इसरले की मी! कितीवर हुते?" आणि परडी पदरात उपडी करून त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्या दिवसापासून बद्रीनाथराव त्यांच्यासमोर शिंकसुद्धा दाबून धरत.

सरूबाईंचं बघून गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी यायला लागल्या. कुणाला संकष्टीला जास्वंद हवी, कुणाला वेणीला मोगरा. देवाच्या नावानं मागितलेल्या फुलाला नाही कसं म्हणायचं? माणूस अडाणी असता तर सरळ ओरडला असता; लेखक पडला ना! हसून "न्या की" म्हणायचं आणि आत जाऊन चिडचिड करायची, एवढंच त्याच्या हातात होतं.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण गुलाबाचं जमेना. त्या गुलाबाला पहिलीच कळी आली होती आणि तिच्यावर बद्रीनाथरावांनी लागोपाठ तीन रविवार लिहिलं होतं. पहिल्या रविवारी कळी लाजली, दुसऱ्या रविवारी ती काहीतरी सांगू पाहत होती, तिसऱ्या रविवारी 'पुढच्या आठवड्यात ती उमलेल तेव्हा मी तिच्याजवळ असेन' असं त्यांनी वाचकांना छापील वचन दिलं. कळी गुरुवारी उमलली. बद्रीनाथराव तिच्याजवळ नव्हते, दाढी करत होते. तोंडाला फेस घेऊन ते बाहेर आले तर कुंडीत नुसता दांडा.

"ह्यो गुलाब तुमच्या नावानं वाहते बरं का, भाऊ," सरूबाई फाटकातून म्हणाल्या. "मोठा हाय म्हणून पाच धरला."

त्या दिवशी बद्रीनाथराव जेवले नाहीत. (दुपारी. रात्री पिठलं होतं म्हणून बसले.) तीन आठवडे ज्या फुलाची वाट पाहिली ते एकदा डोळे भरून बघायलाही मिळू नये, याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. आता गोडीगुलाबी बास, असं त्यांनी ठरवलं. बायकांना बागेबाहेर ठेवायचं असेल तर भीतीच घालायला हवी.

दुसऱ्या दिवशी सरूबाईंची चाहूल लागताच ते फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सरूबाई, आजपासून बागेत येऊ नका. साप निघालाय."

"कंचा?"

बद्रीनाथरावांनी इथं घात केला. धामण म्हणाले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण लेखकाला साधं खोटं बोलून समाधान होत नाही.

"नाग," ते म्हणाले. "एवढा! तगरीखाली फणा काढून बसला होता. फण्यावर दहाचा आकडा स्पष्ट."

सरूबाईंच्या हातातली परडी गळाली. त्या आता किंचाळतील, मग पळतील, मग गल्लीभर सांगतील, असा बद्रीनाथरावांचा हिशेब होता. त्यातलं शेवटचं तेवढं बरोबर निघालं. सरूबाईंनी चपला फाटकाबाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि तगरीकडं बघून हात जोडले.

"भाऊ, पंचमी परवावर आली! लई वर्सं झाली हो, कागदावरच्या नागाला दूध दाखवतीया मी. गारुडी यायचं बंद झालं, वारुळं समदी फ्लॅटाखाली गेली. आन् तुमच्या दारात परतेक्ष देव आला!"

"अहो, चावेल तो!"

"देव चावतो व्हय? एकटा हाय का जोडीनं?"

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पोचली, संध्याकाळी तिच्यातला नाग जोडीनं झाला. द्वारकाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बागेतली खुर्ची उचलून आत आणली.

"हे काय?"

"नागाच्या जागंत बसत्यात का? आन् पंचमी होईस्तोवर खणायचं बी नाय. खुरपं माळ्यावर ठिवलंय."

"अगं, पण माझं सदर? रविवार आलाय!"

"मोरीपाशी बसून लिवा. तिथंबी गारवा असतोय."

भिंतीपलीकडं एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर नूरमोहम्मद राहत. निदान या माणसाला मन मोकळं करून सांगावं म्हणून बद्रीनाथराव त्यांच्याकडं गेले.

"नूरभाई, कुणाला सांगू नका, पण साप-बीप काही नाही. मी थाप मारली."

नूरमोहम्मद यांचा चेहरा पडला. "ऐसा नक्को बोलो, औताडे साब! मैं बी देखा ना!"

"तुम्ही काय बघितलं? नाहीच आहे तो!"

"वो मेरे कू क्या मालूम? सब लोगां देखा-देखा बोल रहे थे, तो मैं बी बोल दिया. भिंतीवरून गेला म्हटलं, मेरे सामने से. अब तुम नईं बोलेंगे तो मेरी जबान की क्या इज्जत रही?"

एका थापेवर आता दोन घरांची अब्रू उभी राहिली होती.

शेवटी बद्रीनाथरावांनी बन्सी नावाच्या साप धरणाऱ्याला फोन केला. तो तरी येऊन 'इथं काही नाही' असं सांगेल आणि सुटका होईल, असं त्यांना वाटलं. बन्सी आला, लांब चिमट्यानं कुंड्या हलवल्या, तगरीचं बूड पाहिलं, पन्हळीत बॅटरी मारली आणि भोवती जमलेल्या बायकांना सांगितलं, "सध्या तर काय नाय दिसत."

"बघा!" बद्रीनाथराव जवळजवळ नाचले. "तज्ज्ञ सांगतोय!"

"देव काय चिमट्यात गावतोय व्हय?" सरूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

"जागा मात्र झकास हाय साहेब," बन्सी जाता जाता म्हणाला. "ओल हाय, सावली हाय, उंदरांची बिळं हायती. आज नसंल तर उद्या येईल."

हे ऐकल्यापासून बद्रीनाथराव बागेतून चालताना पाय उंच उचलून टाकू लागले, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

पंचमीला गल्लीतल्याच काय, मागच्या गल्लीतल्या बायकाही आल्या. नव्या साड्या, हातावर मेंदी, ताटात लाह्या, फुटाणे, पुरणाची दिंडं. तगरीच्या बुंध्याला हळदीकुंकू लागलं. मोगऱ्याच्या मुळाशी दूध ओतलं गेलं आणि तिथं मुंग्यांची जत्रा भरली. जास्वंदीच्या फांदीवर कुणीतरी दोरा गुंडाळला. मग फेर धरला गेला, आणि त्या फेराखाली बद्रीनाथरावांनी महिन्यापूर्वी लावलेली आणि जपलेली शेवंतीची रोपं चिखलात पार दिसेनाशी झाली.

ती रोपं मात्र त्यांना बघवेनात. ते पायरीवर चढले आणि ओरडले, "थांबा! नाग नाही इथं! कधीच नव्हता! मी खोटं बोललो!"

फेर थांबला. गाणं थांबलं. बद्रीनाथरावांना वाटलं, सुटलो एकदाचा. सरूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आल्या.

"भाऊ, तुम्ही पेपरात लिवता, पहाटं उठून झाडांना पाणी घालतो म्हणून. लिवता का नाय?"

"लिहितो. त्याचा इथं काय..."

"आन् पाणी कोण घालतं, ते समद्या गल्लीला ठावं हाय. त्यो गुलाब उमलताना जवळ असंन म्हणला हुता. कुठं हुता?"

"दाढी..."

"मंग तुमचं कंचं धरायचं खरं? आक्ख्या सालात 'नाग हाय' येवढं एक खरं बोलला हुता. ते तरी माघारी घिऊ नका!"

बायका पोट धरून हसल्या आणि फेर पुन्हा सुरू झाला. भिंतीवरून नूरमोहम्मद यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बद्रीनाथराव आत जाऊन मोरीपाशी बसले.

पण गंमत पुढंच झाली. पंचमी सरली आणि सरूबाईंनी गल्लीला बजावलं की नागोबाच्या जागेतलं फूल कुणी तोडायचं नाही. स्वतः त्या परडी घेऊन कोपऱ्यावरच्या नानासाहेबांच्या तगरीकडं वळल्या. (नानासाहेब कविता करतात. त्यांचं काय होईल ते होवो.) औताड्यांच्या बागेत कुणी फिरकेना. तगर पांढरीशुभ्र भरून गेली. गुलाबाला दोन नव्या कळ्या आल्या. कुठं मोजणं नाही, कुठं मागणं नाही. जे मिळावं म्हणून एवढं रामायण झालं, ते अखेर फुकटात पदरात पडलं होतं.

बद्रीनाथराव वही घेऊन, काठी आपटत आपटत बाहेर पडले. दोन पावलं टाकली आणि तगरीखाली काहीतरी सळसळलं. एखादं पान असेल. सरडा असेल. ते बघायला बद्रीनाथराव तिथं थांबले नाहीत. आत येऊन दाराला कडी घालताना त्यांच्या ध्यानात आलं की वही बाहेरच राहिली. पण आणायला जाणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीचा पडदा जरासा सारून पाहिलं. बागेत खुर्ची होती. खुर्चीत द्वारकाबाई होत्या, पाय लांब सोडून, हातात चहाची कपबशी, गुलाबाच्या कळीकडं एकटक बघत. इतक्या वर्षांच्या संसारात बद्रीनाथरावांनी त्यांना असं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"अगं, उठ तिथून! साप आहे ना!" ते खिडकीतून कुजबुजले.

"पंचमीला तर नाय म्हणून वरडत हुता पायरीवर."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिशी. पाल दिसली तरी तुम्ही टेबलावर चढता. नाग बघून चालत घरात आला आन् चहा मागितला. तवाच वळखलं."

"मग बोलली का नाहीस? खुर्ची कशाला आत नेलीस?"

द्वारकाबाईंनी चहाचा एक घोट घेतला.

"अगं, पण आता खराच निघाला तर? बन्सी काय म्हणाला ऐकलंस ना? तिथं एकटीनं बसू नकोस."

"निघू द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यो गप तर बसंल."