टोपीखालचा संसार

"आम्हा नवरा-बायकोचे मेंदू म्हणजे एका कुकरमधले दोन डबे! वाफ एक, शिट्टी एक!" दीनानाथरावांनी भाचीला फोनवर ठणकावून सांगितलं आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

भाची म्हणजे ईशिता, बायकोच्या, मीनाक्षीताईंच्या धाकट्या बहिणीची, वरदाची मुलगी. जन्म रीडिंगचा, मराठी घरापुरतं आणि पीएचडी कार्डिफला. तिचा विषय असा, की दोन माणसं मनापासून बोलायला लागली की त्यांच्या मेंदूंतल्या हालचाली हळूहळू एका लयीत वरखाली व्हायला लागतात. दोघांच्या डोक्यावर सेन्सरच्या टोप्या चढवायच्या आणि स्क्रीनवरच्या दोन रेघा बघायच्या. खऱ्या प्रयोगाआधी मशीनची तालीम घ्यायला तिला घरचीच माणसं हवी होती आणि लॅब मिळाली होती फक्त शनिवारची सकाळ.

दीनानाथराव कार्डिफच्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते. जन्म गेला दुसऱ्यांच्या आतलं बघण्यात! पण रिटायर झाल्यापासून त्यांना कुठेच टेकवत नव्हतं. बागेतून किचन, किचनमधून लॉफ्ट, लॉफ्टमधून परत बाग. बायकोनं डिशवॉशर भरला की हे सगळा उपसून पुन्हा भरणार. अशा माणसाच्या हाती परीक्षा लागली! मग काय, सराव सुरू.

"मीनाक्षी, डावा पाय! माझ्याबरोबर! लय जमली पाहिजे!"

"अहो, मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवतेय!"

"मग बिन डाव्या पायावर ठेव!"

शनिवारी लॅबचं दार उघडलं आणि दीनानाथराव उंबऱ्यावरच थिजले. समोर वरदा बसली होती. शेजारी तिचा नवरा अजय, म्हणजे दीनानाथरावांचा साडू. या साडूशी त्यांनी दोन वर्षांत एक शब्द बोललेला नव्हता!

कारण घडलं टेनबीच्या समुद्रकाठच्या कार पार्कमध्ये. दीनानाथराव गाडी रिव्हर्स घेत होते आणि अजय मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता. गाडी आली ती थेट खांबावर! बंपर गेला, त्याचं एक वेळ ठीक. पण शेवटच्या क्षणी अजय चक्क "ये रे, ये रे" ओरडला होता! मोठ्या साडूला अरे-तुरे! तेव्हापासून दोन्ही घरांच्या दिवाळ्या वेगळ्या झाल्या आणि बहिणींची भेट फोनच्या पडद्यावर आली.

"हे इथे कसे?" दीनानाथरावांनी छताकडे बघत विचारलं.

"काका, मला दोन कपल्स पाहिजे होते," ईशिता म्हणाली. "आधी सांगितला असता तर तुम्ही आला असता का?"

पहिली फेरी नवरा-बायकोची. दोघांनी मिळून एखादी जुनी आठवण सांगायची. दीनानाथरावांनी कार्डिफला आल्या दिवशीची कथा लावली. वादळ, उलटी झालेली छत्री, बंद हीटिंग! सांगताना त्यांचा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता.

"काका, पाय थांबवा ना! तुमचा टोपी हलतोय!"

स्क्रीनवर दीनानाथरावांची रेघ तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी थयथयत होती. मीनाक्षीताईंची रेघ मात्र दुपारच्या तळ्यासारखी निवांत. दोन्ही रेघांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता!

"अगं, ऐकत होतीस ना?"

"त्यात ऐकायचंय काय? पाठ आहे मला ते. घरी कोथिंबीर आहे की संपली, ते आठवत होते मी."

मग जोड्यांची अदलाबदल. दोघी बहिणी आत गेल्या, टोप्या चढल्या आणि पहिल्याच मिनिटाला त्यांच्या रेघांनी फुगडी घातली! दीनानाथराव बाहेर येरझाऱ्या घालत होते.

शेवटी साडू आत गेले. बायका आणि ईशिता शेजारच्या खोलीत स्क्रीनपुढे बसल्या. आत दोन माणसं, दोन टोप्या आणि मधे टेनबीचा खांब.

"ईशिता, तुझ्या बाबांना सांग..."

"काका, थेट बोला!" स्पीकरमधून आवाज आला. "नाहीतर माझा पूर्ण सकाळ वाया जाणार."

पोरीचा आवाज रडवेला झाला होता. दीनानाथरावांनी घसा खाकरला.

"बंपरचं मी कधीच सोडून दिलं. पण 'ये रे'? मला?"

"कोण म्हणालं 'ये रे'?" अजय उसळला.

"तुम्हीच! माझे कान अजून शाबूत आहेत!"

"दीनानाथराव, मी 'अरे, अरे' म्हणत होतो!"

"म्हणजे मलाच ना?"

"नाही हो! सीगलला!"

"कुणाला?"

अजयनं आवाज अगदी खाली आणला. "माझ्या हातातलं आइस्क्रीम उचललं त्या पक्ष्यानं. कोनसकट! मी 'अरे, अरे' करत त्याच्यामागे धावलो, आणि इकडे तुम्ही..."

"...'ये रे' समजून मागे येत राहिलो!"

"मी वळून बघतो तर..."

"...धडाम्!"

आधी दीनानाथराव हसले, मग अजय, मग दोघंही खुर्चीच्या हातांना धरून! टोप्या तिरप्या झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. दोघी टॉयलेटला गेल्या होत्या, तेवढ्यात गुपचूप घेतलं मी. वरदाला अजून पत्ता नाही!"

"अजय!!!" स्पीकर कडाडला.

माइक चालूच होता!

दोघेही साडू एकदम दचकले, एकदम उठले, एकदम खाली बसले. बाहेर स्क्रीनवर दोन्ही रेघा हातात हात घालून वर चढल्या आणि पडद्याबाहेर गेल्या.

"ओ माय गॉड, बेस्ट डेटा!" ईशितानं टाळ्या पिटल्या. "बाबा आणि काका, सगळ्यात जास्त मॅच!"

"शक्य नाही! पुन्हा घे! मी आणि मीनाक्षी, आत्ताच्या आत्ता!" दीनानाथराव तिरपी टोपी पुन्हा डोक्यावर ओढायला लागले. पण पुढचे लोक दारात उभे होते, लॅबची वेळ संपली होती.

बाहेर पडेपर्यंत बहिणींनी दिवाळी ठरवूनही टाकली, रीडिंगला, सगळ्यांनी मिळून. वरदानं नवऱ्याकडे बघत "फराळात अजयला फक्त चिवडा" असंही जाहीर केलं. तेव्हा कळवळले ते दीनानाथराव! "अहो, एखादा लाडू तरी..." म्हणाले आणि जीभ चावली.

घरी आल्यावरही त्यांना चैन नव्हतं. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्यांवर ते एकेकदा बसून उठले. शेवटी मीनाक्षीताईंनी हातातलं पुस्तक मिटलं.

"अहो, मशीनला काय कळतंय? तुमच्या मनात आत्ता काय चाललंय, ते मी टोपीशिवाय सांगते."

"सांग बघू!"

"आलं घातलेला कडक चहा हवाय."

दीनानाथरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. अगदी तेच, अगदी तस्सं! पण आपल्याला तिच्या मनातली कोथिंबीर ओळखता आली नव्हती, हा सल अजून ताजा होता.

"साफ चूक!" ते ताठ मानेनं म्हणाले.

"बरं," म्हणत मीनाक्षीताईंनी एकच कप चहा टाकला आणि खिडकीशी बसून सावकाश, फुरके मारत प्यायला. घरभर आल्याचा वास दरवळला. आणि दीनानाथराव झोपेपर्यंत गरम पाणी पीत राहिले.