सोनाजीचा गुडघा

आमच्या ह्यांना त्या रविवारी मिळणार काय होतं, ते आधी सांगते. दीड सेकंद! "क्या बात है!" म्हणायला तेवढाच वेळ लागतो. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजून पाहिलाय. आणि एवढ्याशा कमाईसाठी या माणसानं पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं!

मी कोषागारात पस्तीस वर्षं लोकांची बिलं तपासली. माणूस मागतोय काय आणि त्याला हवंय काय, यातला फरक मला लांबूनच दिसतो. ह्यांनी जाहीर केलं, "दमयंती, श्रुतिमंडपातल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण होणार आहे. संगीताची सेवा म्हणून मी पुढं बसणार!" तेव्हा मी लगेच ताडलं की सेवा वगैरे काही नाही. हे नाशिकचं दुखणं आहे!

नाशिकला आमची वैदेही दिली. तिचे सासरे श्रीरंगराव. तीस वर्षांपूर्वीच्या एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा "वा!" आहे. आम्ही त्यांच्याकडे गेलो की पाण्याआधी तो ऐकावा लागतो. श्रीरंगराव गाणं सुरू करतात, अकराव्या मिनिटाला बोट वर करतात, सगळ्यांनी श्वास धरायचा, आतून "वा!" येतो आणि ते खाली मान घालून म्हणतात, "हा मी." जसा काही त्यांनी तो चंद्रावर जाऊन म्हटलाय! मग चहा येतो. दर वेळी परतीच्या वाटेवर हे येवल्यापर्यंत एक शब्द बोलत नाहीत.

"त्यांचा नुसता 'वा'," हे मला म्हणाले. "एक अक्षर! आपली अख्खी दाद असेल. फेब्रुवारीत ते ओवीला सोडायला येतीलच. बघ तू, कसे गार होतात!"

ओवी म्हणजे आमची नात. तिच्या आजोबांचा सराव सुरू झाला. न्हाणीघरातून "क्या बात है!" दूधवाल्याला "क्या बात है!" एकदा कुकरची शिट्टी झाली तर सवयीनं तिलाही दाद गेली. समोरच्या घरातल्या लक्ष्मीबाई काळजीनं विचारून गेल्या, "काकांची तब्येत बरीये ना?"

आता खरी मेख सांगते. क्रांती चौकामागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं श्रुतिमंडप आहे. दोनशे माणसं मावतील एवढा हॉल, खाली गाद्या, मध्ये एक खांब. तिथं आमच्या ह्यांची मोठे जाणकार म्हणून ख्याती आहे. तबल्याचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं ना, ती सम. बरोबर तिथं ह्यांची मान पडते, तोंडातून दाद निघते. लोक म्हणतात, "मधुसूदनरावांचा काय कान आहे!"

कान नाही हो, डोळा!

खांबाला टेकून सोनाजी बसतो. शेंद्र्याला कारखान्यात रात्रपाळी करतो आणि रविवारी सकाळची मैफल असली की घरी न जाता थेट इथं येतो. त्याचं घर मेंढरंवाल्यांचं. आई बानाबाई जत्रेत ओव्या म्हणायची. ताल त्याच्या अंगातच आहे. सम आली की त्याचा उजवा हात गुडघ्यावर पडतो. थाप! आणि ती थाप बघून पाव सेकंदानं आमच्या ह्यांची मान पडते. बारा वर्षं मी हे बघतेय. बोलले कधी नाही. संसारात सगळीच बिलं परत पाठवायची नसतात!

शनिवारी हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या हिमांशूला भेटून आले. चेहरा उजळलेला.

"प्रेक्षकांचा माइक खांबापाशी लागणार आहे! म्हणजे खांबापाशी जो बसेल, त्याचा आवाज आला."

"तिथं सोनाजी बसतो."

"उद्या मी बसणार!"

मी म्हणणार होते, की अहो, तुम्ही तिथं बसलात तर गुडघा कुठं दिसणार? पण पंधरा दिवस "क्या बात है" ऐकलेल्या बाईला तेवढी गंमत बघायचा हक्क होता. 

रविवारी पावणेसहाला आम्ही हजर. थंडी अशी की झाडणाऱ्या मावशींनीही कानटोपी घातलेली. हे गळ्यात लांब मफलर गुंडाळून खांबाला चिकटून बसले, बाजूला माइक. सव्वासहाला सोनाजी आला. अंगात कंपनीचं जाकीट, हातात डबा, डोळे तांबारलेले.

"सोनाजी, आज जरा..." ह्यांनी सुरुवात केली.

"बसा की काका! जागा काय माझ्या सातबाऱ्यावर हाय व्हय?" सोनाजी हसला आणि ह्यांच्या बरोबर मागं जाऊन बसला. "फकस्त मला डुलकी लागली तर घोरू देऊ नका. लई लोड होता रात्री."

हे विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. मग मागं सोनाजीकडे बघितलं. मग त्याच्या गुडघ्याकडे. मग पुढं स्टेजकडे. पुन्हा गुडघ्याकडे! चोराला पळून गेल्यावर चप्पल आठवावी, तसं तोंड झालं.

"दमयंती, इकडं ये," हे कुजबुजले. "तू मागं सोनाजीशेजारी बस."

"का बरं?"

"अगं, तो... म्हणजे तुला तिथून चांगलं दिसेल."

"मला इथूनही दिसतंय."

"दमयंती!" बारा वर्षांचं पाप अखेर ओठांवर आलं. "त्याचा गुडघा बघ. हात पडला की माझा मफलर ओढ. एवढं कर. नाशिकचा प्रश्न आहे!"

तर अशा रीतीनं मी सोनाजीशेजारी बसले, हातात नवऱ्याच्या गळ्याचा मफलर. लग्नाला अडतीस वर्षं झाली. इतका स्पष्ट लगाम पहिल्यांदाच हातात आला होता!

गाणार होती मोनालीताई, आपल्याच शहरातली मुलगी. तिचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण. तिनं तोडीचा आलाप सुरू केला आणि हॉल असा शांत झाला की खालच्या दुकानात कोणी पंक्चर काढलं असतं तरी ऐकू आलं असतं. आलापात तबला नसतो, त्यामुळं समही नसते. ह्यांचा जीव टांगणीला, सोनाजीची हनुवटी छातीला.

बंदिश सुरू झाली. तबला लागला. मी गुडघ्यावर डोळे रोवले. विलंबित लय. सम यायला इतका वेळ की तेवढ्यात अर्धा किलो शेंगा सोलून होतील. आणि आली! सोनाजीचा हात झोपेतच गुडघ्यावर पडला. थाप! मी मफलर ओढला. पण मफलर लोकरीचा! आधी तो ताणला गेला, मग ह्यांचा गळा आवळला, मग ह्यांना समजलं, आणि तोवर मोनालीताई सम सोडून पुढच्या ओळीच्या पहिल्या नाजूक अक्षरावर पोचली होती.

"क्या बात है!!"

तिचं अक्षर दचकलं. दोन-चार माना वळल्या. हे मागं न बघता पुटपुटले, "लवकर ओढ ना!"

लवकर तर लवकर. पुढच्या खेपेला सोनाजीचा हात नुसता हलला न हलला, मी ओढलाच. त्याला मानेवर डास चावला होता. तिकडं मोनालीताई थांबून पाण्याचा घोट घेत होती.

"क्या बात है!!"

तिला ठसका लागला. हॉलमध्ये खुसखुस झाली. पहिल्या रांगेतून आप्पासाहेब, मंडपाचे अध्यक्ष, वळून म्हणाले, "मधुसूदनराव, पाणी साधंच आहे हो!"

आणि मग सोनाजीच्या पायाला मुंग्या आल्या. झोपेतच त्यानं गुडघ्यावर थापा मारायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप! आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? कोषागारातली बाई, नियम तो नियम! मी ओढत राहिले.

"क्या... क्या... क्या बा... क्या..."

थंडीत जुनी स्कूटर सुरू होत नाही ना, अगदी तसा आवाज! हे शेवटी मफलर धरून लाल तोंडानं माझ्याकडे वळले. हिमांशूनं कानाचे हेडफोन काढून कपाळाला हात लावला. मोनालीताईनं गाणं न थांबवता हात जोडले आणि दोन ओळींच्या मधे गोड आवाजात म्हणाली, "काका, थोडी जागा मलाही ठेवा!"

अख्खा हॉल हसला. ह्यांचे कान असे तापले की माइकची वायर वितळली असती. मफलर सोडून त्यांनी मांडीवर ठेवला आणि खाली बघत बसले. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, हसू येऊन गेल्यावर वाटलं.

पुढं द्रुत लय आली. मोनालीताई आता काही ऐकायच्या पलीकडं गेली होती. ताना अशा सुटत होत्या की दौलताबादच्या किल्ल्यावरनं कोणी मण्यांची पोती ओतावीत. ती एका तानेत शिरली, फिरली, आता पडते की काय असं वाटलं, सगळ्यांचा श्वास अडकला, आणि ती समेवर उतरली. अगदी त्याच क्षणी माझ्या शेजारून, गाढ झोपेतून, मोठ्यानं आवाज आला:

"व्हय!"

मोनालीताईचे डोळे चमकले. तिनं गाता गाताच खांबाकडं बघून हात उंचावला. हॉलभर "आहा!" उठला. आणि आमचे हे? ते वळले नव्हते, कोणाचा गुडघा बघितला नव्हता. मान आपोआप पडली होती, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा ह्यांना सम सापडली होती आणि नेमकी तेव्हाच दाद द्यायची राहून गेली!

भैरवी झाली. शेवटचा षड्ज हवेत तरंगत राहिला. मग टाळ्या, मग चहा.

फेब्रुवारीत श्रीरंगराव ओवीला सोडायला आले. त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं होतं. ह्यांनी सोनाजीलाही चहाला बोलावलं होतं. जागा घेतल्याची भरपाई. फोन स्पीकरला जोडला. श्रीरंगराव आरामखुर्चीत, चेहऱ्यावर "बघू तुमचं काय ते" असा भाव.

आलाप झाला. विलंबित झालं. ह्यांचं "क्या बात है" कुठंच नाही! पाण्याचा घोट नाही, स्कूटर नाही. हिमांशूनं ह्यांची एकूण एक दाद तणासारखी उपटली होती. हे खुर्चीच्या कडेवर येत येत आता पडायच्या बेतात होते. तेवढ्यात ती तान आली, सम आली आणि,

"व्हय!"

श्रीरंगराव ताडकन उभे! "थांबवा! मागं घ्या! कोण हा? काय जागा पकडलीये! मधुसूदनराव, तुम्ही?"

सोनाजी बशीत बिस्किट बुडवत म्हणाला, "काकाच आसतील. खांबापाशी तेच व्हते. मी तर झोपलो व्हतो, मला काय बी ठावं नाय."

झालं! आयता घास. तोंड उघडायचीही गरज नव्हती, खाली मान घातली की "हा मी" झालं असतं. श्रीरंगरावांचा चेहरा खरोखरच गार पडत चालला होता. हे त्याकडं बघत होते. मी ह्यांच्या मानेवर डोळे रोवले. कारण हे "हो" म्हणाले असते तर पुढची तीस वर्षं मला ते खोटं दर पाहुण्याला चहाबरोबर वाढावं लागलं असतं!

"नाही हो," हे म्हणाले. "हा सोनाजी. झोपेत. आणि श्रीरंगराव, मला सम कळत नाही. मी बारा वर्षं याचा गुडघा बघून दाद देतोय."

सोनाजीचं बिस्किट बशीत गळून पडलं. त्यानं स्वतःच्या गुडघ्याकडं असं बघितलं की जणू तो कोणी नवा पाहुणा आहे. "आरं बाबौ! काका, आधी सांगायचं ना! डाव्या अंगाला बसलो असतो, तुमाला नीट दिसलं असतं!"

श्रीरंगराव सावकाश खाली बसले. "मधुसूदनराव, आता झालंच आहे तर सांगतो. त्या मैफलीत मला शेजारच्यानं सरकून टेकायला जागा दिली होती. तो 'वा' त्याला होता."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. दोघे व्याही एकमेकांच्या पाठीवर थापा मारताहेत, सोनाजी डोळे पुसतोय. मीसुद्धा पदर तोंडाला लावलेला. हसता हसता गाणं बंद करायचं राहून गेलं. ते आपलं पुढं पुढं जात भैरवीवर आलं, संपलं. शेवटचा षड्ज हवेत तरंगला, आम्ही सगळे आपोआप शांत झालो. आणि त्या पवित्र शांततेत, स्पीकरमधून, माझ्या खणखणीत आवाजात:

"सुटले बाई एकदाची!"

तिन्ही पुरुष माझ्याकडं वळले.

मी मैफलीत ते मफलरच्या भानगडीबद्दल म्हणाले होते हो! हात दुखून आला होता माझा! नंतर हिमांशूला फोन करून खडसावलं, तर म्हणतो, "काकू, त्याच्याखाली ताईचा षड्ज आहे. तुम्हाला कापलं तर तो जातो. ताई म्हणाली, राहू दे."

तर हिशेब असा. सोनाजीला अर्धा सेकंद, तोही झोपेत, आणि खांबाची जागा परत. ह्यांच्या नावावर शून्य, पण आता ते सोनाजीच्या उजव्या हाताला बसतात, उघडपणे गुडघा बघतात आणि पूर्वीपेक्षा खुशीत असतात. श्रीरंगराव पाहुण्यांना आता पाण्याआधी चहा देतात, असं वैदेही सांगते. मला पूर्ण दोन सेकंद, सगळ्यात जास्त. आणि या सगळ्याची किंमत मोजणारीही मीच. मोनालीताईनं आप्पासाहेबांमार्फत निरोप धाडलाय, की पुढच्या महिन्यात पाच तासांची मैफल आहे, काकूंना पहिल्या रांगेत मधोमध बसवा आणि दोन्ही बाजूंनी माणसं द्या, मधेच सुटता कामा नयेत!