शुक्रवारचा क्लास

आमचे साडू भास्करराव आमच्या घरी चहा मागतात, तेव्हा खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी दार उघडून जिन्यात येतात. त्यांना वाटतं, कुणीतरी पडलं. सुरुवातीला मी वरूनच सांगायचो, "काही नाही हो, साखर कमी टाका म्हणतायत." आता सांगत नाही. कुलकर्णीही सरावले आहेत. ते नुसता टीव्हीचा आवाज वाढवतात.

भास्करराव भिवंडीजवळच्या कोन गावचे. तिकडे माणसं कापडाचे लूम घालतात, टेम्पो घेतात, गाळा बघतात. यांनी ऐन विशीत पांढरे कपडे शिवून घेतले, कमरेला काळा पट्टा बांधला आणि कराटे शिकवायला लागले. माझी मेहुणी शकू त्यांना दिली, तेव्हा जावई काय करतात या प्रश्नाला आमचे सासरे "शिक्षक आहेत" असं सांगायचे आणि कुणी शाळेचं नाव विचारायच्या आत पानाचं तबक पुढे करायचे.

क्लास धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या कारखान्यात. तिथले लूम कधीच भंगारात गेले, पत्र्याची शेड तेवढी राहिली. भिंतीपलीकडचा कारखाना मात्र चालू. त्याच्या खटाखटीत शेजारच्या माणसाचं शिंकणंसुद्धा ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. त्यात भास्कररावांनी उमेदीची सगळी वर्षं ओरडून काढली. "घुटना मोडो! नजर सामने! अंगठा बाहेर!"

हे शेवटचं त्यांचं खास. मूठ वळताना अंगठा आत राहिला, तर मारणाऱ्याचाच मोडतो. त्यामुळे कुठेही मूठ दिसली की त्यांना राहवत नाही. माझ्या पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. बाळ पाळण्यात मूठ वळून झोपलेलं, अंगठा अर्थातच आत. भास्कररावांनी वाकून ती एवढीशी मूठ उघडली, अंगठा बाहेर काढून पुन्हा वळली आणि समाधानाने म्हणाले, "आता बराबर हाय!" त्यांच्या दृष्टीने ते हळू बोलले होते. बाळ रडायचं थांबेपर्यंत नाव ठेवता आलं नाही.

मग ठाण्याची स्पर्धा झाली. नातेवाईक म्हणून मीही गेलो होतो. माझ्याकडे केळ्यांची पिशवी आणि टाळ्या वाजवण्याचं काम होतं. गार हॉल, खाली गादी, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. भास्कररावांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी रुखसार. बाप शेजारच्याच कारखान्यात लूमवर. ती पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि उभी राहिली. उभीच राहिली. तिला काता करून दाखवायचा होता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने वार आणि बचाव. पंचांनी पुन्हा खूण केली. रुखसारने भास्कररावांकडे पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, लूम का आवाज़ नहीं आ रहा."

कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पोरांनी सगळा काता लूमच्या ठेक्यावर बसवला होता. खट म्हटलं की पाय, खट म्हटलं की हात. ठेका गेला तसे हातपायही गेले. भास्कररावांनी घाईघाईने माझ्या हातातली स्टीलची बाटली घेऊन खुर्चीवर वाजवायला सुरुवात केली, तेव्हा पंचांनी त्यांना बाहेर काढलं. बाटली माझी असल्यामुळे मलाही. येताना आम्ही दोघं केळी खात आलो.

त्यानंतर क्लास ओसरला. नाक्यावर काचेच्या दाराचा, गाणी लावून शिकवणारा नवा क्लास निघालाय, पोरं तिकडे गेली. रुखसारही यायची थांबली. त्यातच काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझरची जागा निघाली. दिवसभराची ड्युटी, म्हणजे क्लास बंद, म्हणून भास्करराव हो म्हणेनात. शकू आमच्याकडे येऊन रडली. "भाऊजी, तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील."

माझं माझ्या घरात कुणी ऐकत नाही. पण बायको म्हणाली, "शुक्रवारी जा. कारखाने बंद असतात. निदान त्यांना ऐकू तरी येईल."

गेलो. गल्लीत सामसूम. शेडमध्ये भास्करराव एकटेच, पांढऱ्या कपड्यांत, सुताची भुकटी झाडत होते.

"या भाऊ. बसा."

मी मागे वळून बघितलं. दुसरंच कुणी बोललं असं वाटलं. हलका, जरासा घोगरा आवाज. मुलाला थोपटताना निघतो तसा.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरा हाय की. का?"

"आवाज बसलाय."

"लूम बंद हायेत ना आज. मग कशाला ओरडू?" झाडू भिंतीला टेकवून ते म्हणाले, "शकूनं पाठवलंय ना? मी होय सांगून आलोय त्यांना. पण नाईट मागितली. सगळे डे मागतात, सायबानं लगेच दिली. रातभर गोदाम, सकाळी झोप, संध्याकाळी क्लास. घरी सांगितलं न्हाय अजून."

"झेपेल का या वयात?"

"बघायचं. सुट्टी शुक्रवारची घेतलीय."

"शुक्रवारची? रविवार सोडून?"

"आज शांत असतंय." ते दाराकडे बघत होते. "त्या पोरीची चूक नव्हती, भाऊ. मीच तिला शांततेत उभं राहायला शिकवलं न्हाय. निरोप दिलाय तिच्या बापाकडं. दर शुक्रवारी उघडून बसतो."

"आली का कधी?"

"अजून तरी न्हाय."

थोडा वेळ आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो. मग ते उठले, मधोमध जाऊन उभे राहिले आणि संकोचून म्हणाले, "समोर कोणी नसलं की सुरूच करता येत न्हाय. नमस्कार कुणाला करायचा?"

मी चपला काढल्या. शर्ट पँटीत खोचलेला, पँटीवर पोट. ते कमरेतून वाकले. मीही पोटाने परवानगी दिली तितका वाकलो. मग त्यांचं बघून पाय फाकवले, मुठी वळल्या. कुठेच काही वाजत नव्हतं. मलासुद्धा पुढे काय करायचं ते सुचेना.

भास्करराव जवळ आले. माझी मूठ उघडली, अंगठा बाहेर काढला आणि ती पुन्हा मिटली. बारशाला बाळाची मिटली होती, तशीच.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "समजावलंत का?"

"समजावतोय," मी म्हटलं. "पण एका शुक्रवारात होणारं काम नाही ते."