दांतेलचा वार गुरुवार

आलांसों गावात साप्ताहिकांची-मासिकांची लग्नं नगरभवनात महापौरांसमोर लागत, आणि त्या बुधवारी 'दांतेल'चं होतं. दांतेल म्हणजे लेस. फ्रान्सच्या त्या मुलखात लेस विणणाऱ्या बायका फार. त्यांच्यासाठी म्हातारे प्रकाशक आन्सेल्म बार्बिझे हे साप्ताहिक दर गुरुवारी काढत. पण वाचणाऱ्या बायका एकेक करून देवाघरी जायला लागल्या, कागद महागला, बार्बिझेंचे गुडघे गेले. आता आपल्यामागे हिला एकटं टाकायचं कसं? म्हणून त्यांनी स्थळं पाहायला घेतली होती.

स्थळ पॅरिसचं आलं. 'फ्रिसों' नाव, म्हणजे शहारा. खून, दरोडे, विषप्रयोग असा सगळा मजकूर. दर बुधवारी निघायचा, घरचा चांगला, खपही दांडगा. त्याचे प्रकाशक गास्तों फुर्मांतेल स्वतः बोलणी करायला आले. हुंडा नको म्हणाले, वर्गणीदार तेवढे पाठवा.

"ते येतील," बार्बिझे म्हणाले. "माझं मागणं एकच. पोरीचं नाव राहू द्या."

त्याचं असं आहे, की रीतच होती तशी. लग्नानंतर नवरीचं नाव नवऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात छापायचं. पुढच्या अंकात आणखी बारीक. होता होता वाचणाऱ्याला वाटायचं, इथे माशी बसून गेली असेल, आणि तो बोटाने पुसून टाकायचा. बार्बिझेंच्या मावसभावाने त्याचं बागकामाचं मासिक असंच एका मोटारींच्या साप्ताहिकाला दिलं होतं. नाताळात भेटायला गेला, तर नाव भिंगातूनही सापडेना. "मजेत आहे हो," एवढंच सासरच्यांनी सांगितलं.

"अहो बार्बिझे, नावाला जागा लागते," फुर्मांतेल म्हणाले. "मुखपृष्ठावर तिथे माझं प्रेत असतं. आडवं."

"मग त्याला पाय पोटाशी घ्यायला सांगा."

"प्रेताला?"

"मेलेला माणूस हट्ट करत नाही. हट्ट जिवंत माणसं करतात."

बार्बिझेंची बहीण ऑर्तांस खिडकीपाशी बसली होती. ती म्हणाली, "केव्हाचे भांडताय दोघं. तिला विचारलंत का कुणी?"

"कायद्याप्रमाणे महापौर विचारतीलच," फुर्मांतेल म्हणाले. शेवटी, नाव वर्षभर ठेवू, मग बघू, यावर बोलणी थांबली. बार्बिझेंनी मान डोलावली खरी, पण ते "मग बघू" काही त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

बुधवारी दोघांना नगरभवनातल्या मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. दांतेलला ऑर्तांसने पांढरी फीत बांधली होती. महापौरांनी आधी फ्रिसोंला विचारलं. त्याचा वारच बुधवार, त्यामुळे पहिल्या पानावर लगेच लाल अक्षरांत 'हो' उमटलं. मग दांतेलला विचारलं. ती गप्प.

"लाजतेय," फुर्मांतेल म्हणाले. "हो लिहून टाका. माझी गाडी सुटेल."

"गप्प राहणं म्हणजे होकार, असं आमच्याकडे धरत नाहीत," महापौर म्हणाले. "मुलीचा वार कोणता?"

"गुरुवार," बार्बिझे म्हणाले.

"मग गुरुवारी बोलेल. बसा."

सगळे बसले. ऑर्तांसने पाव आणि चीज वाटलं. "पोरगी हट्टी आहे तुमची," फुर्मांतेल पुटपुटले.

"हट्टी नाही. गुरुवारची आहे."

सकाळी छापखान्यातून ताजा अंक आला. तिसऱ्या पानावर दांतेल स्वतःचं बोलत असे. तिथे बार्बिझेंनी कधी ढवळाढवळ केली नव्हती. ते पान उघडून त्यांनी महापौरांपुढे ठेवलं. महापौरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"स्थळात खोट नाही, पण मला नको. मी माझ्याच नावाने संपेन. हा अंक शेवटचा. ज्यांचे मोजे अर्धे राहिलेत, त्यांच्यासाठी टाचेचे टाके मागच्या पानावर दिलेत. बाबांनी रडू नये. शाई ओली आहे."

"पालकांची काही हरकत?" महापौरांनी विचारलं.

बार्बिझेंनी अंक आधी हात लांब करून धरला आणि मग बाहीने डोळे पुसले. "छापून आलंय," ते म्हणाले. "आता कसली हरकत."

महापौरांनी 'नकार' लिहून शिक्का मारला. फुर्मांतेल फ्रिसोंला काखोटीला मारून दारापर्यंत गेले आणि तिथून वळले. "काय मिळवलंत हो? माझ्याकडे वर्षभर तरी नाव राहिलं असतं. आता अंकच नाही, तर नाव कुठलं?"

बार्बिझेंनी अंक दोन्ही हातांनी उंच धरला. "तिथून काय दिसतंय?"

"दांतेल."

"चष्मा लावलाय?"

"नाही."

"मग झालं तर."

फुर्मांतेल गाडी गाठायला धावले. बार्बिझेंनी अंकाची घडी न घालता तो तसाच छातीशी धरला, महापौरांना नमस्कार केला आणि बहिणीबरोबर सावकाश जिना उतरले.

शिपायाने पुढच्या जोडप्याला आत आणलं. मुलगी स्वयंपाकाची, मुलगा मधमाश्या पाळणाऱ्यांचा. दोन्ही मासिकं होती, दर पहिल्या तारखेला निघणारी, आणि पहिली तारीख तर नुकतीच उलटली होती. महापौरांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि शिपायाला गाद्या आणायला पाठवलं.