विटकरी रंग

परतूरच्या शाळेत अप्पाराव मास्तर शरीरशास्त्र शिकवत. त्यामुळे माणसाच्या आत काय चाललंय ते आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. घरातली पंधरा वर्षांची लेक नंदा मात्र कळत नव्हती. पोरगी मोजकं खाऊनही अंगानं वाढत होती, भरदुपारी पेंगत होती आणि तीन महिने तिची पाळी आली नव्हती. हे शेवटचं बायकोनं, कांताबाईंनी सांगितलं तेव्हा मास्तरांनी तोंड फिरवलं. पुस्तकातलं ते पान वर्गातही ते असंच उलटत.

"तोंड काय फिरवून राह्यले? जालन्याला न्या तिला," कांताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नंदाचा गळा चाचपला. "इथली ग्रंथी मंदावलेली दिसते. रक्त औरंगाबादला पाठवतो, आठवडा लागेल. तोवर साखर तर नाही ना, ते बघू. सोमवारी सकाळची लघवी आणून द्या."

सोमवारी नंदाचा गणिताचा पेपर होता. मास्तर एकटेच बाटली घेऊन रेल्वेत बसले. रांजणीला चढलेल्या एका बाईनं त्यांच्या पिशवीवर हरभऱ्याचं गाठोडं टेकवलं. जालन्याला उतरून बघतात तर बूच निघालेलं, बाटली रिकामी आणि पायजमा ओला. तसंच परत गेलं तर कांताबाई काय म्हणतील, ते मास्तरांना शब्द न् शब्द ठाऊक होतं. शेवटी बाप-लेकीचं रक्त एकच, फरक पडून पडणार किती, असं मनाला समजावून त्यांनी बाटली नळाखाली धुतली आणि स्टेशनच्या मुतारीत स्वतःच भरली. त्यात काही अडचण आली नाही. वर्गात बोलून घसा सुकतो म्हणून हल्ली ते तांब्यावर तांब्या पाणी पीत आणि तासातासाला जात.

डॉक्टरांनी निळ्या औषधात थेंब टाकून परीक्षानळी दिव्यावर धरली. हा प्रयोग म्हणजे मास्तरांच्या हातचा मळ. ते कंपाउंडरला शिकवू लागले, "आता बघा, हिरवं होईल."

हिरवं झालं.

"पिवळं झालं की साखर समजायची. आन् विटकरी झालं तर बिलकुल भरपूर."

नळीतलं औषध पिवळं होऊन बघता बघता विटकरी झालं. "बोललो न्हाई मी?" मास्तर खुशीत म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "मास्तर, तुमच्या मुलीला मधुमेह आहे. या वयात म्हणजे रोज सुई. उद्या घेऊन या तिला."

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एवढी मास्तरकी केल्यावर बाटलीतली लबाडी कबूल करायला जीभ रेटेना.

घरी कांताबाईंनी ऐकलं आणि गुळाचा डबा शेजारच्या चांगुणाबाईंकडे नेऊन दिला. "लेकराला जन्मभर सुया," म्हणत त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. नंदा रडली नाही. कबड्डीच्या संघातून आपलं नाव काढा, अशी चिठ्ठी तिनं शाळेतल्या बाईंना लिहायला घेतली. दोन ओळी झाल्यावर तिनं मान वर केली.

"बाबा, सुई लई दुखते का?"

मास्तरांना गलबलून आलं. पोरीच्या दंडात टोचण्यापेक्षा आपली अब्रू गेलेली बरी. "लिहू नको," ते म्हणाले. "त्या बाटलीत तुझं नव्हतंच." आणि गाठोड्यापासून मुतारीपर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं.

पोरगी वाचली, म्हणून त्यांना इतकं हलकं वाटलं की ते घटाघटा पाणी प्यायला लागले. कांताबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटेल तो ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. पण कांताबाई ओरडल्या नाहीत. त्या तांब्याकडे बघत होत्या.

"मंग ती साखर कोणाची व्हती?"

पंधरा वर्षं शरीरशास्त्र शिकवून मास्तरांना हा प्रश्न पडला नव्हता. त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला.

नंदाच्या खऱ्या तपासणीत साखर निघाली नाही. आठवड्यानं रक्ताचा रिपोर्ट आला; ग्रंथीच मंद होती. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत पाळी रुळली आणि पोरगी कबड्डीत चढाया करू लागली. गुळाचा डबा मात्र चांगुणाबाईंकडेच राहिला.

आता दर रविवारी सकाळी नंदा परीक्षानळी आणि दिवा घेऊन ओट्यावर बसते. मास्तर निमूट बाटली आणून देतात. ती बाटली उजेडात धरते, मग बापाकडे निरखून बघते.

"बाबा, खरं सांगा. तुमचीच हाय ना?"