विलायतेतला तुळतुळीत दगड

हे मी खरं तर सांगायचं नव्हतं. नवस दुसऱ्याला सांगितला की उणा पडतो, असं यमूमावशींनी सगळ्यांना बजावलं होतं. पण तुम्ही काही कुणाला सांगणार नाही.

तर बाळांनो, एका जंगलातल्या प्राण्यांना प्रवासाची फार हौस होती. एका वर्षी ते थेट विलायतेला गेले. कसे गेले ते विचारू नका. बोधकथेत व्हिसा लागत नाही.

तिथल्या खेड्यापाड्यांतली ऐतिहासिक ठिकाणं एका दिवसात दाखवणारी एक बस होती. माहिती सांगायला डोरिस नावाची मेंढी होती. ती लाल छत्री उंच धरून पुढे चाले आणि सगळे तिच्या मागे. मेंढरांसारखं मागे चालणं आपल्या मंडळींना तिच्यापेक्षा चांगलं जमत होतं.

मंडळींत दामूअण्णा अस्वल होते, ते जंगलाचे पुढारी. यमूमावशी वानरीण होत्या, त्यांच्या पिशवीत चकल्यांपासून कुंकवाच्या करंड्यापर्यंत सगळं होतं. आणि झिपरी नावाची एक लहान खार होती. तिला सगळं दिसायचं, पण चारचौघांत बोलता यायचं नाही. परत गेल्यावर वडाखालच्या सभेत सहलीचं वर्णन तिने करायचं, या बोलीवर तिला आणलं होतं. 

पहिलं ठिकाण होतं एक पडका मठ.

"याला छप्पर नाही, दार नाही," दामूअण्णा म्हणाले. "आमच्याकडे असले पडके कितीतरी आहेत. आम्ही पाटीसुद्धा लावत नाही."

"मग काय करता?" डोरिसने विचारलं.

"नावं कोरतो," अण्णा अभिमानाने म्हणाले.

छप्पर कुणी नेलं, हे झिपरीला विचारायचं होतं. तिने मनात वाक्य जुळवलं. त्यात 'कृपया' घातलं, काढलं, पुन्हा घातलं. वाक्य तयार झालं तेव्हा बस दुसऱ्या ठिकाणी, किल्ल्यापाशी पोचली होती.

किल्ल्याकडे पाठ करून सगळ्यांनी स्वतःचे फोटो काढले. मग चहाच्या दुकानात यमूमावशींनी टेबलावरच्या साखरेच्या पुड्या पिशवीत टाकल्या. "ठेवल्यात म्हणजे न्यायच्याच असतात," त्या म्हणाल्या.

तिसरं ठिकाण म्हणजे हजारो वर्षांपूर्वी गोलाकार उभे केलेले दगड. बस एका शेताशी थांबत होती. सगळे लाडवांच्या डब्यात बघत होते. झिपरी खिडकीतून बघत होती. शेतात एकच उभा दगड होता आणि एक जाडजूड गाय डोळे मिटून त्याला पाठ घासत होती. आधी पाठ, मग मागचा भाग, अगदी सावकाश. मग ती समाधानाने निघून गेली.

गोलाकार उभे केलेले दगड पुढच्या शेतात होते. मधल्या फाटकाची किल्ली आणायला डोरिस गेली. तेवढ्यात यमूमावशी थबकल्या.

"अगंबाई, एकटाच उभा आहे हो देव. आणि कसा तुळतुळीत झालाय बघा. रोज तेल लावत असणार."

दामूअण्णांनी दगडावर बोट फिरवून वास घेतला. "तेलच आहे," ते म्हणाले. "पण तूप मिसळलेलं दिसतंय." त्यांनी बूट काढले.

मावशींनी कुंकू लावलं, साखरेच्या पुड्यांचा नैवेद्य ठेवला आणि झिपरीला पुढे ओढलं.

"बाबा रे, तुझं नाव ठाऊक नाही, पण या पोरीला वाचा दे. सभेत हिने माझी मान खाली घालायला लावली नाही, तर अकरा नारळ वाहीन."

झिपरी वाक्य जुळवू लागली. 'मला वाटतं' घातलं. 'कदाचित' घातलं. आता बोललं तर मावशींचा सगळ्यांसमोर पोपट होणार. नाही बोललं तर...

दामूअण्णा कपाळ टेकायला वाकले. नेमके तिथेच, जिथे गाईने शेवटी बराच वेळ घालवला होता.

वाक्य अर्धंच होतं. तरी ते बाहेर पडलं.

"अण्णा, थांबा. तिथे गाय ढुंगण घासत होती. मी बघितलं."

 मावशींचे डोळे भरून आले.

"बोलली," त्या म्हणाल्या.

"चारचौघांत," अण्णा म्हणाले. "आणि किती स्पष्ट."

"अहो, पण गाय..." झिपरी म्हणाली.

"बघा, आता थांबतच नाही." आणि मावशींनी स्वतःच आधी कपाळ टेकलं. मागे रांग लागली.

किल्ली घेऊन डोरिस आली. त्या दगडाला तिची आईसुद्धा पाठ घासत असे. तिने कुंकू पाहिलं. रांग पाहिली. मग किल्ली लोकरीत सरकवली आणि छत्री दगडाशेजारी रोवली.

"हे आपलं तिसरं ठिकाण," ती म्हणाली. "फार प्राचीन आहे."

आता त्या दगडाभोवती दोरी आहे. गाय दोरीबाहेर उभी असते. तिची पाठ खाजते.

झिपरी सभेत बोलली. गाईसकट सगळं खरं सांगितलं, एकदाही न अडखळता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पुढच्या वर्षी दोन बस ठरल्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्यात काही धोका नसतो. मात्र एखाद्या वेळी चुकून कुणी ऐकलंच, तर लगेच—

आतून हाक आली, "अगं, किती वेळ लिहीत बसणार आहेस? ऊठ, ये इकडे."

आले.